बॅक लागली म्हणजे क्लास गेला? कागदावर मांडून पाहू

हिवाळी परीक्षेचा निकाल लागून चार दिवस झाले होते, त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मुलगी मार्कशीट घेऊन वर आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दारातच म्हणाली, "काकू, माझा फर्स्ट क्लास गेला. एका पेपरात नापास झाले, बॅक लागली. कॉलेजात सगळे म्हणून राहिले, बॅक लागली की क्लास मिळतच नाही." तिच्या मागे तिची आई उभी होती. चेहऱ्यावरून दिसत होतं की खाली या विषयावर बरंच बोलणं होऊन गेलं होतं.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. हे वाक्य प्रत्येक निकालानंतर ऐकलं आहे. वर्ध्याहून रोज रेल्वेने येणाऱ्या मुलांकडून ऐकलं, भंडारा-गोंदियाहून येऊन इथे नागपुरात खोली घेऊन राहणाऱ्यांकडून ऐकलं आणि धरमपेठेतल्या शिकल्यासवरल्या पालकांकडूनही. बहुतेक वेळा ते खरं नसतं. पण ते खोटं का आहे आणि कुठल्या कोपऱ्यात थोडं खरं आहे, हे कुणी मुलांना बसवून सांगत नाही. म्हणून हा लेख.

ही भीती आली कुठून, ते आधी पाहू. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३चं, आणि त्याच्या इतिहासातला मोठा काळ वार्षिक परीक्षेचा. त्या काळी बऱ्याच विद्यापीठांत श्रेणी मिळायची ती सगळे विषय एकाच बैठकीत काढणाऱ्याला. एखादा विषय राहिला आणि पुरवणी परीक्षेत काढला, तर गुण कितीही असोत, प्रमाणपत्रावर नुसतं 'उत्तीर्ण' येई. आज पन्नाशी-साठीत असलेल्या काका-मामांनी तो नियम भोगला आहे, आणि तेच आजच्या मुलांना सल्ला देतात. मधल्या काळात सेमिस्टर आलं, क्रेडिट आलं, ग्रेड आले. हिशेबाची पद्धतच बदलली. भीती मात्र जुन्या नियमाचीच राहिली.

आता नवा हिशेब. मी तिला कागद काढायला सांगितला.

प्रत्येक विषयाला काही क्रेडिट असतात, म्हणजे त्या विषयाचं वजन. तुम्हाला मिळालेल्या गुणांचा होतो ग्रेड आणि ग्रेडला असतात पॉइंट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटच्या पट्टीवर ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे जेमतेम पास ४, आणि एफ म्हणजे शून्य. पेपरला गैरहजर राहिलात तरी शून्यच. विषयाचे क्रेडिट गुणिले त्याचे पॉइंट, अशी सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. हा झाला त्या सेमिस्टरचा एसजीपीए. सहाही सेमिस्टरचं तसंच केलं की सीजीपीए. शेवटचा क्लास या सीजीपीएवरून ठरतो.

बाजारातलंच उदाहरण घ्या. चार किलो कांदे आणि दोन किलो बटाटे घेतले तर सरासरी भाव काढताना कांद्याचा भाव चारदा मोजायचा आणि बटाट्याचा दोनदा. क्रेडिट म्हणजे ते किलो.

तिच्या तिसऱ्या सेमिस्टरचा हिशेब सोयीसाठी थोडा सोपा करून मांडते. एकूण क्रेडिट २२. चार क्रेडिटचे पाच पेपर, दोन क्रेडिटचा एक. चार क्रेडिटच्या पेपरांत ए, बी प्लस, बी प्लस, बी आणि एक एफ. दोन क्रेडिटवाल्यात ए. आता गुणाकार करा: ३२, २८, २८, २४, शून्य आणि १६. बेरीज १२८. भागिले २२. एसजीपीए आला ५.८२.

"पाहा ना," ती म्हणाली, "सहाच्याही खाली."

हा आकडा पाहूनच मुलं हाय खातात. पण तो कायमचा नाही. एफ असेपर्यंतचा तो तात्पुरता आकडा आहे, आणि काही ठिकाणी तर सगळे विषय निघेपर्यंत एसजीपीएचा रकाना रिकामाच ठेवतात. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत विषय पुन्हा देऊन काढला की जुना एफ हिशेबातून निघून जातो आणि त्या जागी नवा ग्रेड बसतो. शून्य आणि नव्या ग्रेडची सरासरी काढत नाहीत. जुनं शून्य पुसलं जातं.

म्हणजे उन्हाळी परीक्षेत तिने हा पेपर नुसता पी घेऊन काढला तरी बेरीज १४४ होते आणि एसजीपीए ६.५५. बी मिळाला तर बेरीज १५२ आणि एसजीपीए ६.९१. पहिल्याच वेळी बी प्लस मिळाला असता तर झाला असता ७.०९.

आता पूर्ण पदवीकडे पाहू, कारण क्लास सेमिस्टरचा नसतो, पदवीचा असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीचे सहा सेमिस्टर मिळून १३२ क्रेडिट होतात. तिच्या बाकीच्या पाच सेमिस्टरची सरासरी ७ धरू. ११० क्रेडिट गुणिले ७, म्हणजे ७७० पॉइंट. त्यात तिसऱ्या सेमिस्टरचे मिळवा आणि १३२ने भागा. राहिलेला पेपर पी घेऊन निघाला तर सीजीपीए ६.९२. बी घेऊन निघाला तर ६.९८. पहिल्यांदाच बी प्लस मिळाला असता तर ७.०२.

६.९२ आणि ७.०२. एवढाच फरक. जेमतेम पास होणं आणि पहिल्याच वेळी चांगल्या ग्रेडने पास होणं यांत तीन वर्षांच्या पदवीवर एक दशांश पॉइंटचाही फरक पडत नाही. तिच्या आईने तो आकडा माझ्याकडून दोनदा तपासून घेतला.

यातून एक छोटा आकडा काढून लक्षात ठेवायला मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. १३२ क्रेडिटच्या पदवीत चार क्रेडिटच्या पेपरात एक ग्रेड वर-खाली झाला की सीजीपीए ०.०३ने हलतो. चार भागिले १३२, बाकी काही नाही. दोन क्रेडिटचा पेपर असेल तर त्याच्या निम्मा, ०.०१५. अभियांत्रिकीची पदवी साधारण १६० क्रेडिटची धरली तर चार क्रेडिटच्या पेपरातली एक पायरी ०.०२५ची. हा आकडा हाताशी असला की गल्लीतल्या कुणाच्या ऐकीव माहितीची गरज उरत नाही.

मग क्लास कधीच जात नाही का? जातो. पण तो बॅकमुळे जात नाही, काठावर असल्यामुळे जातो. एक रेषा धरून पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात सीजीपीए ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.७५ म्हणजे ७० आणि ८.२५ म्हणजे ७५. सूत्र सोपं आहे: सीजीपीएमधून ०.७५ वजा करायचे आणि दहाने गुणायचं. हा तक्ता तंत्रशिक्षणाचा आहे. इतर अभ्यासक्रमांना विद्यापीठ स्वतःची रेषा आखतं. पण उदाहरणापुरती ६.७५ हीच प्रथम श्रेणीची रेषा समजू. आता तिच्या बाकीच्या पाच सेमिस्टरची सरासरी ७ नसून ६.७ असती तर? तिसऱ्या सेमिस्टरचा तो पेपर पी घेऊन निघाला असता तर सीजीपीए ६.६७. बी घेऊन निघाला तर ६.७३. बी प्लस घेऊन निघाला तर ६.७७. इथे मात्र त्या एका पेपरच्या ग्रेडवर क्लास ठरतो. आणि नीट पाहा, इथेही प्रश्न पेपर किती वेळा दिला याचा नाही, शेवटी त्यात काय मिळालं याचा आहे. पहिल्याच प्रयत्नात पी घेऊन सुटलेल्या मुलाचा क्लास इथे गेला असता, आणि दुसऱ्या प्रयत्नात बी प्लस घेणाऱ्या मुलीचा राहिला असता.

इथे एक अडचण आहे, आणि ती मुलांच्या लक्षात फार उशिरा येते. पेपर पुन्हा दिला तरी इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजातल्या चाचण्या-असाइनमेंटचे, गुण बहुधा जुनेच पुढे येतात. शंभरातले ऐंशी लेखीचे आणि वीस इंटर्नलचे असतील, तर तुम्ही पुन्हा देता फक्त ऐंशीचा पेपर. इंटर्नलला सात मिळाले असतील तर शंभरात साठ व्हायला लेखीत त्रेपन्न लागतात. इंटर्नलला पंधरा असते तर पंचेचाळीसात काम झालं असतं. दुसऱ्या प्रयत्नात ग्रेड कुठवर चढेल याची वरची कड त्या सात गुणांनी आधीच बांधून टाकलेली असते. असाइनमेंट वेळेवर दिली नाही, एक चाचणी चुकवली, तेव्हा ते किरकोळ वाटतं. बॅक लागल्यावर त्या गुणांची किंमत कळते, आणि तोवर ते हातात उरलेले नसतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना मी अभ्यासाचं सांगण्याआधी इंटर्नलचं सांगते.

दुसरी अडचण वेळेची. आपल्याकडे परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी. उन्हाळी म्हणजे नागपूरच्या ऐन उन्हात, दुपारी कूलरची हवाही गरम लागते तेव्हाचा अभ्यास. त्यात राहिलेला पेपर चालू सेमिस्टरच्या पेपरांच्या जोडीला येतो. सहाऐवजी सात. दोन बॅक असतील तर आठ. आता ०.०३चा आकडा पुन्हा काढा. बॅकच्या पेपरात पीऐवजी बी मिळवायला जीव तोडला आणि मिळवला, तर दोन पायऱ्या वाढल्या, म्हणजे ०.०६. पण त्या धावपळीत चालू सेमिस्टरच्या तीन पेपरांत एकेक पायरी घसरली तर ०.०९ गेले. नुकसान झालं. मी पाहिलेल्या मुलांत क्लास गेला तो बहुतेक असा गेला. बॅकच्या पेपरने गेला नाही, बॅकच्या काळजीत बाकीचे पेपर हातचे सुटले म्हणून गेला. आणि हे कुठल्याच मार्कशीटवर लिहिलेलं नसतं.

याच्या उलट चूकही होते. एखादी बॅक 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून तशीच राहते. मग वरच्या वर्षाला प्रवेश मिळायला मागचे ठरावीक विषय निघालेले असावे लागतात, ते नसतात, आणि वर्ष डाऊन होतं. सीजीपीएचं गणित कितीही माफ करणारं असो, गेलेलं वर्ष ते परत देत नाही.

पुनर्परीक्षा म्हणून मुलं ज्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतात त्या वेगवेगळ्या आहेत, हेही सांगते. रिव्हॅल, म्हणजे पुनर्मूल्यांकन, ही परीक्षा नाहीच. तुमचा जुनाच पेपर दुसरे परीक्षक तपासतात. त्यात पास झालात तर तो सहसा पहिलाच प्रयत्न राहतो. पदकाच्या शर्यतीत असाल तर ही गोष्ट फार मोठी. ग्रेस, म्हणजे वरून थोडे गुण, देऊन पास केलं तर ग्रेड सहसा पासापुरताच मिळतो. श्रेणीसुधार म्हणजे पास झालेला विषय वा परीक्षा अधिक गुणांसाठी पुन्हा देणं. जिथे ही सोय असते तिथे साधारणपणे दोन्हींतला चांगला निकाल धरतात, पण अर्ज करायची मुदत आणि किती वेळा देता येईल याला बंधन असतं. आणि कॉपी पकडली गेली तर ती बॅक नव्हे, शिक्षा आहे. तिथे एका पेपरावर भागत नाही, त्या हंगामाची पूर्ण परीक्षाही रद्द होऊ शकते.

पहिल्या प्रयत्नाला अजूनही मान आहे तो दोन ठिकाणी. एक दीक्षान्त समारंभात. गुणवत्ता यादी आणि सुवर्णपदकं यांच्या नियमांत 'सर्व विषय पहिल्याच प्रयत्नात' ही अट सहसा असते. काही विद्यापीठांत आणि काही अभ्यासक्रमांत डिस्टिंक्शनलाही ती लावतात. त्यामुळे ८.५च्या वर असलेल्या मुलीला एक बॅक लागली तर तिला दुःख होणं स्वाभाविक आहे, आणि तिला 'काही फरक पडत नाही' म्हणणं खोटं आहे. दुसरं ठिकाण कॅम्पस प्लेसमेंट. हिंगणा रोडच्या आणि वर्धा रोडच्या अभियांत्रिकी कॉलेजांतल्या मुलांना हे तोंडपाठ असतं: बऱ्याच कंपन्या ६० टक्के मागतात आणि मुलाखतीच्या वेळी 'ॲक्टिव्ह बॅकलॉग' नको म्हणतात. ॲक्टिव्ह म्हणजे अजून न निघालेली. निघालेली बॅक बहुतेक ठिकाणी अडत नाही, पण मार्कशीटवर परीक्षेचा हंगाम छापलेला असतो, त्यामुळे ती दिसते. विचारलं तर सरळ सांगावं. लपवलेली बॅक निघालेल्या बॅकपेक्षा जास्त नुकसान करते.

आणि कुठे फरक पडत नाही तेही मुलांना कळायला हवं. राज्यसेवेला बसायला पदवी लागते, क्लास लागत नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेलाही तसंच. नागपूरच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या पदवीत एखादी बॅक असते. त्यांच्या वाटेत ती येत नाही. उलट प्राध्यापक व्हायचं असेल तर आकडा लागतो: नेट या पात्रता परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५०. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के. तिथेही प्रयत्नांची संख्या विचारत नाहीत, आकडा विचारतात. आकडा काठावर असेल तर मात्र वर सांगितलेली प्रत्येक ०.०३ची पायरी मोजावी.

तिची मोठी बहीण पुढे इंग्लंडला एमएस्सीला जायचं म्हणते आहे, म्हणून आईने विचारलं, तिकडे कसं असतं? तिकडे नेमकं उलट असतं. इंग्लंडमधल्या बहुतेक विद्यापीठांत पुन्हा दिलेल्या परीक्षेचे गुण पासाच्या रेषेवर थांबवतात. पदवीला ती रेषा ४०ची, पदव्युत्तरला सहसा ५०ची. मॉड्यूल, म्हणजे एखादा विषय, राहिलं, पुन्हा दिलं, ६६ मिळाले, तरी नोंद होते ५०ची. एमएस्सी १८० क्रेडिटची आणि मॉड्यूल २० क्रेडिटचं असेल तर ते मॉड्यूल म्हणजे पदवीचा नववा हिस्सा. सोळा गुण गेले, नवाने भागले, म्हणजे एकूण सरासरी जवळपास १.८ने खाली आली. तिथे मेरिट साधारण ६०ला आणि डिस्टिंक्शन ७०ला. ६१वर असलेला मुलगा ५९वर येतो आणि मेरिट जातं. इकडची सवय घेऊन जाणारी मुलं 'पुढच्या वेळी काढू' म्हणतात आणि तिथे तो एक वाक्प्रचार त्यांना फार महाग पडतो. आजारपण किंवा घरातलं संकट असेल तर परीक्षेआधी वा लगेच पुराव्यासह कळवायचं असतं; ते मान्य झालं तर दुसरी परीक्षा पहिल्यासारखी धरतात आणि गुण थांबवत नाहीत. आपल्याकडेही काही स्वायत्त संस्था पुनर्परीक्षेचा ग्रेड एक पायरी खाली धरतात, म्हणून स्वायत्त कॉलेजात असाल तर हे आधी पाहून घ्या.

मला स्वतःला आपली पद्धत अधिक न्याय्य वाटते. मुलीला विषय कळला की नाही एवढंच पदवीने सांगावं; तो तिला मे महिन्यात कळला की नोव्हेंबरात, याची शिक्षा तिच्या क्लासला का? पण मग पद्धत मुलांना नीट समजावून सांगणं हेही कॉलेजांचं काम आहे. या मुलीला 'बॅक लागली की क्लास नाही' हे सांगणारी व्यक्ती तिच्या कॉलेजच्या कार्यालयातली होती, खिडकीपलीकडची. त्या एका वाक्यावर तिने चार दिवस जेवण सोडलं होतं. त्या व्यक्तीने तिला अभ्यासक्रमाचं डायरेक्शन दाखवलं असतं तर पाच मिनिटं लागली असती.

डायरेक्शन म्हणजे विद्यापीठ प्रत्येक अभ्यासक्रमासाठी काढतं तो नियमांचा कागद. क्रेडिट किती, पासाची रेषा कुठे, इंटर्नल पुढे येतं की नाही, श्रेणीसुधार आहे की नाही, क्लास कोणत्या सीजीपीएला, सगळं त्यात असतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतं, कॉलेजच्या ग्रंथालयातही मिळतं. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या सीनियरचं डायरेक्शन वेगळं असू शकतं, कारण प्रवेशाच्या वर्षानुसार नियम बदलतात. तुमच्या बॅचचंच वाचा. निकालाच्या बाबतीतही नियम माहीत असू द्या: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. निकाल लांबला तर सर्वात जास्त हाल बॅकवाल्यांचे होतात. रिव्हॅलचा निकाल यायच्या आत पुढच्या हंगामाचा फॉर्म भरायची तारीख येते. अशा वेळी फॉर्म भरूनच टाकावा. शुल्क गेलं तर थोडे पैसे जातात, तारीख गेली तर सहा महिने जातात.

रात्री साडेनऊला त्या दोघी खाली गेल्या. जाण्याआधी आम्ही तिचा उन्हाळी परीक्षेचा बेत त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला. राहिलेल्या पेपरला इंटर्नलचे वीसपैकी अकरा आहेत. त्यात बीपर्यंत जायचं, त्याच्या वर झेपावायचं नाही. त्यातून वाचलेले तास चालू सेमिस्टरच्या ज्या दोन पेपरांत ती ए आणि बी प्लसच्या मधे लटकते आहे, त्यांना द्यायचे. रिव्हॅलचा अर्ज उद्याच. जिन्यातून तिच्या आईचा आवाज आला, "चल, आधी जेवून घे."